नवं फ्लाय रीळ निवडताना

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे लाइनच्या वजनावर हलकी बनावट माशी फेकून मासे धरण्याच्या, ९ फुटी, ५ नंबरच्या रॉडसाठी नवं रीळ घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही आधी लाइन टेबलावर काढून ठेवली. रीळ दिसतं कसं, रॉडला शोभतं का, हे शेवटी. आत काय मावायचंय आणि ते किती जोरात बाहेर जाणार आहे, एवढं पक्कं झालं की समोरच्या रिळांपैकी बरीचशी आपोआप बाजूला होतात. त्याच वेळी ८ नंबरच्या रॉडसाठी, खाऱ्या पाण्यात चालेल असं, दुसरं रीळही निवडायचं होतं. दोन्ही कामं शेजारी शेजारी झाली हे बरं झालं, कारण एका रिळात जी गोष्ट सगळ्यात आधी बघायची, ती दुसऱ्यात जवळजवळ बिनकामाची ठरते.

लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पुढच्या ३० फुटांचं वजन. ५ नंबरला ते १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ८ नंबरला २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. नंबर वजन सांगतो, जाडी सांगत नाही, आणि रिळातली जागा अडते ती जाडीने. तरंगणाऱ्या लाइनच्या आवरणात ती हलकी राहावी म्हणून बारीक पोकळ्या भरलेल्या असतात, त्यामुळे त्याच नंबरच्या बुडणाऱ्या लाइनपेक्षा ती बरीच जाड असते. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये सलग जाड अशी डबल टेपर लाइन वेट फॉरवर्डपेक्षा जास्त जागा खाते, कारण वेट फॉरवर्डचा मागचा मोठा भाग बारीक असतो. त्यात हल्ली अनेक लाइनी जाणूनबुजून त्यांच्या नंबरापेक्षा अर्धी-एक पायरी जड बनवतात. खोक्यावर ‘५ नंबर लाइन आणि १०० यार्ड बॅकिंग’ (बॅकिंग म्हणजे लाइनच्या मागे जोडलेली बारीक दोरी) लिहिलेलं असतं ते कुठल्या तरी एका ठरावीक लाइनसाठी खरं असतं. आपली लाइन तरंगणारी, जाड डोक्याची असेल तर त्या आकड्यातून वीस-पंचवीस टक्के बॅकिंग वजा धरूनच हिशेब करावा.

बॅकिंग किती हवं हे मासा ठरवतो. लहान नदीत ट्राउटसाठी २० पौंडी (म्हणजे तेवढी ओढ सोसणाऱ्या) डेक्रॉनचं, विणलेल्या पॉलिएस्टर दोरीचं, पन्नास ते पंचाहत्तर मीटर बॅकिंग पुरतं. ते पाण्यात जाण्याची वेळ क्वचित येते, पण ते गाभ्याची जाडी वाढवतं आणि लाइनला बारीक वेटोळ्यांपासून वाचवतं, म्हणून नुसती लाइन गुंडाळून भागत नाही. ८ नंबरवर बोनफिशसारखा मासा पहिल्याच धावेत अख्खी लाइन आणि वर बरंच बॅकिंग घेऊन जातो. तिथे ३० पौंडी बॅकिंग दीडशे ते दोनशे मीटर बसलंच पाहिजे. जागा कमी पडत असेल तर जेल-स्पन पॉलिथिलीनची दोरी घेतात. ती तितक्याच ताकदीच्या डेक्रॉनपेक्षा पुष्कळ बारीक असते, पण तिचे दोन त्रास आधीच ठाऊक हवेत. सैल गुंडाळली तर जोराच्या ओढीला वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि मासा धावत असतानाच रीळ अडकतं. आणि उघड्या बोटांवरून वेगाने सरकली तर ती कातडी कापते. जागा पुरत असेल तिथे आमची पसंती डेक्रॉनलाच.

इथून प्रश्न येतो आर्बरचा, म्हणजे स्पूलच्या (लाइन जिच्यावर गुंडाळतात त्या फिरत्या चक्रीच्या) मधल्या गाभ्याचा. फ्लाय रीळ एकास एक चालतं: हँडलचा एक फेरा म्हणजे स्पूलचा एक फेरा. एका फेऱ्यात किती लाइन परत येईल हे फक्त त्या क्षणी गुंडाळलेल्या थराच्या परिघावर अवलंबून. भरलेल्या स्पूलचा व्यास ७.५ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्याला साडेतेवीस सेंटिमीटर लाइन येते. लाइन बाहेर जाऊन थर ४.५ सेंटिमीटरवर आला की तोच फेरा १४ सेंटिमीटर देतो. मोठ्या आर्बरच्या रिळात व्यास भरलेला ९ आणि रिकामा होत आलेला ७ सेंटिमीटर धरला, तर हेच आकडे २८ आणि २२ होतात. मासा उलटा फिरून आपल्याकडे धावला की ढिली पडलेली पहिली १० मीटर लाइन गोळा करायला एका रिळाला सत्तरच्या आसपास फेरे लागतात, दुसऱ्याला पंचेचाळीस. काटा नसलेल्या गळावर हा फरक म्हणजे मासा राहणं किंवा जाणं.

मोठ्या आर्बरचा दुसरा फायदा आम्हाला याहून मोलाचा वाटतो, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ड्रॅग, म्हणजे स्पूलला रोखणारा ब्रेक, आसावर ठरावीक जोर लावून धरतो. लाइनवर किती ताण येणार हे त्या जोराला थराच्या त्रिज्येने भागून ठरतं. त्रिज्या कमी झाली की तोच ड्रॅग, नॉबला हात न लावता, घट्ट होतो. वरच्या लहान आर्बरच्या रिळात भरलेल्या स्पूलवर ५०० ग्रॅमला लावलेला ड्रॅग थर उतरल्यावर आठशेच्या पुढे जातो. मोठ्या आर्बरमध्ये तो साडेसहाशेच्या आतच राहतो. त्यात बाहेर गेलेली लाइन पाण्यातून ओढली जाते तिचा विरोध आणि रॉडच्या कड्यांमधलं घर्षण वेगळं. मासा लांब गेल्यावर टिपेट (गळाला बांधलेला शेवटचा, सगळ्यात बारीक दोरीचा तुकडा) तुटतं, आणि दोष गाठीला दिला जातो, तेव्हा पुष्कळदा खरं कारण हेच असतं. म्हणून लांब धावेच्या माशाला ड्रॅग धाव सुरू असताना सैल करत जावा, घट्ट नव्हे.

५ नंबरवर मात्र स्पूल इतकं रिकामं होतच नाही. तिथे मोठ्या आर्बरचा एवढाच लाभ की लाइन मोठ्या वेटोळ्यात राहते, थंडीत बाहेर काढल्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली येत नाही. मध्यम आर्बर पुरतो, आणि रीळ लहान व हलकं राहतं.

आता ड्रॅग. निवडीचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो इथेच जायला हवा.

जुनी आणि अजूनही टिकून असलेली रचना म्हणजे क्लिक-पॉल. स्पूलच्या मागे दातेरी चाक, त्यावर स्प्रिंगने दाबलेली एक किंवा दोन खिट्ट्या. ती माशाला थांबवण्यासाठी नसतेच. लाइन ओढून काढताना स्पूल गरगर फिरत राहून वेटोळी सुटू नयेत, एवढंच तिचं काम. माशाला आवर घालायचा तो तळहाताने स्पूलची कड दाबून. ३ आणि ४ नंबरच्या रॉडवर, लहान पाण्यात, आम्ही आजही हीच घेऊ. बिघडण्यासारखं आत काही नसतं. वाळू गेली तर स्पूल काढून पुसलं की झालं, खिट्टी झिजली तर दुसरी बसवता येते. शिवाय तिची करकर ऐकून मासा किती वेगाने चाललाय हे डोळे पाण्यावर ठेवूनच कळतं. १८९१ साली आलेल्या हार्डी परफेक्टमध्ये बॉल बेअरिंगवर फिरणारं स्पूल आणि अशीच खिट्टी होती, आणि त्या घराण्यातली रिळं अजून वापरात आहेत.

डिस्क ड्रॅगमध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. कॉर्कची तबकडी आणि धातूची चकती असा एक प्रकार. नॉब फिरवला की मधला दांडा स्पूलला कॉर्कवर ओढून धरतो. कॉर्कची खासियत अशी की थांबलेलं स्पूल हलवायला लागणारा जोर आणि फिरतं स्पूल रोखणारा जोर यांत फार थोडा फरक असतो. तो उघडा असतो, घरी खोलता येतो, तेल देता येतं. पण देखभाल मागतो: कॉर्क कोरडा पडला की ओढ धरून-सुटून येते, आणि ड्रॅग घट्ट ठेवून रीळ महिनोन्‌महिने पडून राहिलं तर कॉर्क दबून चिकटतो. दुसरा प्रकार बंद ड्रॅगचा. कार्बन फायबर, स्टील किंवा खास प्लास्टिकच्या चकत्यांची चळत एका डब्यात रबरी ओ-रिंग लावून बंद केलेली असते. काही बनावटींत चकत्यांऐवजी एकात एक बसणारे दोन शंकू असतात. पाणी, मीठ आणि वाळू आत जात नाही हा मोठा आधार. पण आत काही बिघडलं तर सहसा स्वतः उघडता येत नाही. डबा बदलावा लागतो किंवा रीळ पाठवावं लागतं.

या सगळ्यांना एकच कसोटी लावायची: पहिला झटका. थांबलेल्या स्पूलवर मासा ओढ घेतो तेव्हा ते सुटायला जो जास्तीचा जोर लागतो, तो सगळा टिपेटवर येतो. ५एक्स टिपेटची जाडी ०.००६ इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की इंचाचे हजारावे भाग मिळतात, हे लक्षात ठेवायला सोपं. अशा टिपेटची ताकद बनावटीप्रमाणे २ किलोंच्या जवळपास असते, आणि गाठीने त्यातली काही कमी होते. ड्रॅग त्या ताकदीच्या एक चतुर्थांशावर लावायचा म्हटलं तर ५०० ग्रॅम. आता एखादं रीळ फिरताना ५०० ग्रॅम दाखवत असेल पण सुटताना ९०० मागत असेल, तर डोकं झटकणाऱ्या माशाच्या प्रत्येक हिसक्याला टिपेटवर तो नऊशेचा धक्का बसतो. ६एक्सवर तेच रीळ वापरणं म्हणजे मासा घालवणं.

हे मोजायला फार सामान लागत नाही. स्पूलवर थोडं बॅकिंग गुंडाळून घ्यावं, रीळ रॉडच्या मुठीवर किंवा शिकंज्यात कापड लावून घट्ट धरावं, आणि दोरीच्या टोकाला दोन किलोंपर्यंतचा स्प्रिंगचा काटा अडकवून सरळ रेषेत, हळू आणि एकसारखं ओढावं. काटा आधी वर उडतो, मग खाली येऊन स्थिरावतो. ते दोन आकडे लिहून ठेवावेत. ५०० ला स्थिरावणारा काटा सुरुवातीला साडेपाचशे-सहाशेपर्यंत गेला तर उत्तम. सातशेपर्यंत जाड टिपेटवर चालून जाईल. त्यापुढे ते रीळ ५ नंबरच्या कामाचं नाही. नंतर जरा वेगाने ओढून पाहावं. चांगला ड्रॅग वेग वाढला तरी जवळपास तोच आकडा धरतो. काटा सारखा वर-खाली थरथरत असेल तर चकत्या सपाट नाहीत किंवा कॉर्क असमान झिजलाय.

ही मोजणी लगेच संपवू नये. ड्रॅग तसाच लावून रीळ रात्रभर ठेवावं आणि सकाळी पहिलीच ओढ मोजावी. काही बंद ड्रॅग फिरवून-फिरवून गरम झालेल्या हाताला लोण्यासारखे वाटतात आणि रात्रभर थांबले की पहिल्या ओढीला चिकटतात. पाण्यावर तर दर माशामध्ये रीळ थांबलेलंच असतं, म्हणजे खरी परीक्षा हीच. थंड पाण्यात जाणार असेल तर रीळ दोन तास फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा मोजावं. आतलं ग्रीस घट्ट होत असेल तर आकड्यात लगेच दिसतं. उघड्या ड्रॅगचं रीळ भिजवूनही मोजावं. ओला कॉर्क बरा चालतो, पण काही प्लास्टिकच्या चकत्यांवर पाण्याचा थर गेला की पकड एकदम निम्म्यावर येते.

कमाल ड्रॅगचा आकडा जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो आणि निवडीला सगळ्यात कमी उपयोगी पडतो. ८ नंबरवर १६ पौंडी टिपेट लावलं तर चतुर्थांश होतो ४ पौंड, पावणेदोन-दोन किलो. एखादं रीळ वीस-पंचवीस पौंडांचा ड्रॅग देतं, तर त्यातला बहुतेक भाग त्या टिपेटवर कधीच वापरता येणार नाही. सरळ हाताने धरलेल्या फ्लाय रॉडने ५ पौंडांची ओढ काही मिनिटं सोसून पाहावी, म्हणजे हे अंगालाच कळतं. मोठ्या आकड्याला अर्थ आहे तो टार्पन आणि जायंट ट्रेव्हलीसारख्या माशांसाठी, ११-१२ नंबरच्या रॉडवर. बाकीच्यांनी खालच्या टोकाकडे बघावं: शून्य ते एक किलो या पट्ट्यात नॉबच्या किती पायऱ्या आहेत? आम्ही तपासलेल्या रिळांपैकी काहींत हा सगळा पट्टा दोन खटक्यांत संपत होता. एका खटक्याला २०० ग्रॅम, दुसऱ्याला ७००. ५एक्सला हवे असलेले ५०० त्यात कुठेच नाहीत. ज्या रिळात याच पट्ट्यात आठ-दहा खटके मिळाले ते पुढे गेलं. नॉब शून्यावर असतानाही स्पूलवर थोडा रोध उरला पाहिजे, नाहीतर लाइन झटकन ओढून काढताना ते सुटून फिरतं आणि आत गुंता होतो.

ड्रॅग पास झाल्यावर सांगाडा. रीळ उजेडासमोर धरून स्पूल सावकाश फिरवावं आणि कड व चौकट यांमधली फट पाहावी. ती फेराभर सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला रुंद, एका बाजूला बारीक होत असेल तर स्पूल वाकडं आहे. मग ०.१५ मिलिमीटरचा टिपेटचा तुकडा फटीवर धरून कडेने फिरवावा. तो आत घसरत असेल तर मासेमारीतही लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेली बारीक दोरी) तिथेच जाणार, आणि आसाभोवती वेढला गेला की स्पूल उतरवल्याशिवाय सुटत नाही. हल्ली निम्फसाठी (पाण्याखाली बुडवून खेळवायच्या बनावट अळीसाठी) रिळात जाड लाइनऐवजी बारीक मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी, भरतात. त्यांना तर खांबांनी चहूबाजूंनी बंद असलेली पूर्ण चौकटच हवी. एका बाजूने उघडी अर्धी चौकट हलकी असते आणि कड तळहाताला सहज लागते, पण बारीक दोरी तिच्या बाहेर पडायला टपलेली असते. हँडल ओल्या, गारठलेल्या बोटांनी चाचपता येईल इतकं मोठं असावं आणि मोकळं फिरावं. त्याच्या समोरच्या बाजूला तोलाचं वजन आहे का पाहावं. ते नसेल तर जोराच्या धावेत स्पूल थरथरतं आणि तो थरकाप लाइनमध्ये उतरतो. मासा धावत असताना हँडलही उलटं फिरतं, तेव्हा बोटं दूर ठेवायची. बोटाची पेरं फोडणारी जागा हीच.

स्पूल काढायची कळ किंवा टोपी दोन-चारदा उघड-बंद करून पाहावी. चुकून दाबली गेली की स्पूल पाण्यात पडेल अशी कळ नको. आसाच्या टोकाला ओ-रिंग असेल तर तिला वाळू चिकटते, म्हणून स्पूल काठावर, खाली कापड अंथरूनच बदलावं. जोडीचं स्पूल आज मिळतंय का हेही आताच विचारावं आणि लागणार असेल तर आताच घ्यावं. नमुना बंद पडला की रीळ चालतं, स्पूल मिळत नाही.

धातूबद्दल थोडक्यात. अखंड अॅल्युमिनियमच्या गजातून, बहुधा ६०६१-टी६ मिश्रधातूतून, कोरून काढलेलं रीळ खडकावर पडलं तर वाकतं किंवा पोचा येतो. ओतीव रीळ हलका मार सोसतं पण जोराच्या माराला तडकतं. ओतीवात फट एकसारखी राखणंही कठीण. गोड्या पाण्यात चांगलं ओतीव रीळ वर्षानुवर्षं निभावतं. खाऱ्या पाण्यात कोरीव आणि जाड अॅनोडाइज केलेलंच घ्यावं, कारण ओरखड्यातून मीठ अॅल्युमिनियमपर्यंत पोचलं की पांढरी पूड धरते, आणि स्टीलचा स्क्रू जिथे अॅल्युमिनियमला टेकतो तिथे ती आधी दिसते. रीळफूटचे (रीळ रॉडला बसवायच्या पायाचे) स्क्रू म्हणून भिंगाने पाहावेत, वापरलेलं रीळ घेत असाल तर नक्कीच. स्पूलमधल्या भोकांचं आज मुख्य काम वजन घटवणं. १८७४ साली चार्ल्स ऑर्विसने पेटंट घेतलेल्या रिळात भोकं होती, ती मुख्यतः ओली लाइन वाळावी म्हणून. ओली रेशमी लाइन गुंडाळलेलीच राहिली तर कुजायची. ओलं बॅकिंग वाळायला ती अजूनही मदत करतात.

वजन कागदावरून ठरवू नये. रॉड जोडून, रीळ भरून, ९ मीटर लाइन टोकाबाहेर काढून रॉड एका बोटावर तोलावा. तोल कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या भागात, जिथे तर्जनी किंवा अंगठा असतो तिथे आला की बरं. ९ फुटी, ५ नंबरच्या आजच्या कार्बन रॉडला ११५ ते १५५ ग्रॅमचं रीळ सहसा बसतं. ८ नंबरला २०० ते २५५. निम्फसाठीचे १० ते ११ फुटी बारीक रॉड टोकाला जड वाटतात आणि दिवसभर वर धरायचे असतात, तिथे १७० ग्रॅमचं रीळही मनगटाला आराम देतं. दोन हातांनी फेकायच्या तेरा फुटी रॉडला तर हलकं रीळ घेऊच नये. त्यांच्या जाड लाइनीला जागाही मोठी लागते. मात्र जड रिळाने रॉड हलका होत नाही. तोल सुधारतो, एकूण ओझं वाढतं. जो सतत फेकत राहणार त्याने हलक्या टोकाकडे झुकावं. रीळफूट सीटमध्ये (रॉडवरच्या त्याच्या बैठकीत) पूर्ण बसतो का, तेही आपल्याच रॉडवर पाहावं. जाड फूट काही सीटच्या कड्यांत शिरत नाही, आणि नुसता अडकवलेला सैल फूट फेकताना फिरतो.

डावा हात की उजवा, हे लाइन भरण्याआधी ठरवायचं. क्लिक-पॉलमध्ये खिट्टी उलटी बसवावी लागते. बहुतेक डिस्क ड्रॅगमध्ये एकेरी फिरणारं रोलर बेअरिंग असतं. ते काढून उलटं घालायचं. या बेअरिंगला जाड ग्रीस कधी लावू नये. रोलर त्यात रुतून बसतात आणि पकडायच्या वेळी घसरतात. हलक्या तेलाचा एखादा थेंब बास. बदलल्यावर स्पूल दोन्ही दिशांना फिरवून, आत घेताना मोकळं आणि बाहेर जाताना रोध, असं आहे ना ते तपासावं.

भरताना बॅकिंगचं अचूक माप काढायची एक खात्रीची रीत आहे. आधी लाइन रिळावर गुंडाळायची, मग तिच्या वर बॅकिंग, चौकटीच्या खांबांपासून पाच-सहा मिलिमीटर जागा उरेपर्यंत. तिथे बॅकिंग कापायचं. मग सगळं उलगडून दुसऱ्या स्पूलवर घ्यायचं आणि बॅकिंग आधी येईल असं परत भरायचं. वेळ जातो, पण पाच-सहा मिलिमीटरची ही जागा महत्त्वाची आहे: फ्लाय रीळ लाइन स्वतः सारखी पसरवत नाही, घाईत ती एका बाजूला ढीग होते, आणि काठोकाठ भरलेल्या रिळात तो ढीग खांबाला घासून अडकतो. रॉड धरलेल्या हाताच्या करंगळीने लाइन डावी-उजवी सरकवत गुंडाळायची सवय लावून घ्यावी.

बॅकिंग गाभ्याला बांधायची ती आर्बर नॉट या गाठीने. जेल-स्पन असेल तर गुळगुळीत धातूवर तिचा सगळा गोळाच फिरतो आणि ड्रॅग कितीही घट्ट केला तरी ओढ धरत नाही; त्यासाठी आधी थोडं डेक्रॉन गुंडाळावं किंवा गाभ्यावर कापडी चिकटपट्टीचा एक फेरा द्यावा. डेक्रॉन बोटांच्या चिमटीत बऱ्यापैकी ताणून गुंडाळलं की पुरतं. जेल-स्पन मात्र हातमोजा घालून, किलोभर तरी ताण देऊन. लाइन ज्या प्लास्टिकच्या चक्रीवर येते तिच्यात पेन्सिल घालून ती फिरू द्यावी. चक्री आडवी ठेवून कडेवरून वेटोळी काढली तर प्रत्येक वेटोळ्यामागे लाइनमध्ये एक पीळ पडतो. बॅकिंगच्या टोकाला इतका मोठा फासा ठेवावा की त्यातून अख्खं रीळ पार होईल. मग लाइन बदलायला काही कापावं लागत नाही.

शेवटी ५ नंबरसाठी मध्यम आर्बरचं, पूर्ण चौकटीचं, खोलता येणाऱ्या डिस्क ड्रॅगचं रीळ घेतलं. कमाल ड्रॅग समोरच्यांत सगळ्यात कमी, पण पहिला झटका जेमतेम जाणवणारा आणि खालच्या किलोभरात भरपूर पायऱ्या. ८ नंबरसाठी मोठ्या आर्बरचं, कोरीव, बंद ड्रॅगचं घेतलं. तिथे स्वतः दुरुस्त करता येण्यापेक्षा मीठ आत न जाणं मोठं.

दोघांची काळजी वेगळी. खाऱ्या पाण्यातलं रीळ त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली, ड्रॅग लावलेला ठेवून धुवावं. जोराचा फवारा मारला तर मीठ आणि वाळू सीलच्या आत ढकलली जाते. मग स्पूल काढून दोन्ही भाग वेगळे वाळवावेत, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा. बॅकिंग बाहेर गेलं असेल तर ते उलगडून धुवून पुन्हा ताणून भरावं. मासा खेळवताना ते सैल-घट्ट कसंही आत आलेलं असतं, आणि पुढच्या धावेला रुतणारा वेढा तोच असतो. हंगामातल्या पहिल्या फेकीआधी काटा पुन्हा एकदा लावावा, ५०० ग्रॅमला येणाऱ्या खटक्याजवळ रंगाचा बारीक ठिपका द्यावा, आणि टिपेटची जाडी बदलली की तिथून मोजून पुढे-मागे जावं.